पुरासाठी भरलेला डबा दरवर्षी खराब का होतो? किडे, ओल, खवटपणा आणि त्यावरचे उपाय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा आम्ही पाच माणसं सांगलीत आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर चार दिवस अडकलो होतो. खाली पाणी, वीज गेलेली, नळ कोरडे. तरी मी निर्धास्त होते. सासूबाईंनी २००५ चा पूर बघितला होता आणि तेव्हापासून घरात ‘पुराचा डबा’ भरायची पद्धत त्यांनीच घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला. रव्याला जाळं धरलेलं. चवळीच्या दाण्या दाण्याला भोक. शेंगदाणे इतके खवट की धाकटीने तोंडात घालून लगेच बाहेर काढले. गुळाला पाणी सुटून तो बिस्किटांच्या पुड्यांवर पसरलेला आणि त्या ओलीनं बिस्किटंही मऊ पडलेली. चांगला उरला तो एक खजुराचा पुडा आणि थोडे फुटाणे. बोटीतून आलेली खिचडीची पाकिटं मिळाली म्हणून निभावलं. सासूबाई त्या डब्याकडे बघत नुसत्या बसून राहिल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

पुढच्या वर्षी मी नवीन डबा घेतला, रबराच्या कडेचा. जूनमध्ये भरला, गणपतीत उघडला, पुन्हा किडे. तेव्हा कळलं की दोष डब्याचा नाही, भरणाऱ्याचा आहे. त्यानंतर एकेक कारण शोधत गेले, काही वेळा चुकले, आणि आता सलग तीन पावसाळे डबा कोरडा आणि खाण्याजोगा निघाला आहे. ज्यांच्याकडे दरवर्षी हाच त्रास होतो त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

किडे येतात कुठून?

आपल्याला वाटतं डब्याला फट राहिली, त्यातून किडा शिरला. बहुतेक वेळा तसं नसतं. किडा आपणच धान्याबरोबर आत भरलेला असतो.

सोंडे (कुणी टोके म्हणतं, कुणी पोरकिडे) तांदूळ-गव्हाच्या दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालतात आणि वरून ते भोक बंद करून टाकतात. दुकानात हातावर घेऊन बघितलेला दाणा स्वच्छच दिसतो. आत अळी दाणा खात वाढते आणि उबदार, दमट हवेत साधारण महिन्या-सव्वा महिन्यात पूर्ण वाढलेला किडा होऊन बाहेर पडतो. म्हणून जूनमध्ये निवडून भरलेला डबा जुलैच्या शेवटी, म्हणजे नेमका पुराच्या तोंडावर, किड्यांनी भरतो.

मूग, मटकी, चवळी, हरभऱ्याचा भुंगा वेगळा. त्याची अंडी दाण्याच्या वरच चिकटलेली असतात. मूठभर चवळी खिडकीच्या उजेडात धरा आणि नीट बघा. खसखशीपेक्षाही लहान, पांढरे, चपटे ठिपके दिसले आणि नखाने खरवडल्याशिवाय निघाले नाहीत, तर ती अंडी. ही कीड काही वेळा शेतातूनच येते, त्यामुळे ‘घरचं धान्य आहे, किडणार नाही’ हा भरवसा धरू नये. डाळीला, म्हणजे फोडलेल्या दाण्याला, या भुंग्याचा त्रास कितीतरी कमी. मी पुराच्या साठ्यात अख्खी कडधान्यं ठेवणं बंदच केलं, मुगाची डाळ ठेवते.

तिसरा प्रकार जाळ्याचा. रवा, पीठ, मैदा, कधी पोह्यातसुद्धा गोळे बांधल्यासारखे दिसतात आणि उचललं की धाग्याला लटकतात. ही पतंगाची अळी. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिव्याभोवती करडे लहान पतंग फिरताना दिसले की कुठला तरी डबा सुरू झालाय असं समजा आणि त्याच दिवशी शोधा.

तांदूळ-गव्हाची एक सोपी चाचणी आहे. मूठभर दाणे पाण्यात टाका. पोकळ झालेले दाणे वर तरंगतात. चार-पाच तरंगले तर चालवून घेता येतं, पण पाण्यावर थरच आला तर ते धान्य साठवणीचं नाही. ते निवडून, धुऊन आधी वापरून टाका.

आता उपाय. माझ्याकडे सगळ्यात खात्रीचा ठरला तो फ्रीजर. रवा, डाळ, बेसन, डाळं, शेंगदाणे हे सगळं घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. अंडी, अळी, किडा, सगळं मरतं. आमचा फ्रीजर लहान आहे, एका वेळी दीड-दोन किलोच मावतं, म्हणून मी मेच्या पहिल्या आठवड्यापासून पाळीपाळीने घालते. इथे एक चूक मी केली होती, ती तुम्ही करू नका. बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडायची नाही. थंडगार धान्याला बाहेरची हवा लागली की त्यावर दव धरतं आणि किड्यातून सुटलेला माल बुरशीत सापडतो. पिशवी तशीच बंद रात्रभर ओट्यावर राहू द्या, दुसऱ्या दिवशी उघडा.

फ्रीजर नसेल तर रवा मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरा. आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. तूरडाळीला एरंडेल चोळा, किलोला एक चहाचा चमचा पुरे, पण दोन्ही हातांनी प्रत्येक दाण्याला लागेल असं सावकाश चोळायला हवं. वरवर ढवळून काही होत नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून घातला तर नवा किडा यायला थोडा बिचकतो, पण दाण्याच्या आत असलेल्या अळीला त्याने काही होत नाही. ओला पाला तर अजिबात घालू नये, त्याचीच ओल लागते.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. धान्यात बोरिक पावडर, म्हणजे कॅरमवर टाकतात तीच, मिसळू नका. पाऱ्याच्या टिकड्या ठेवू नका. दोन्ही विषारी आहेत आणि पुराच्या दिवसांत धान्य चार पाण्यांनी धुवायला पाणी कुठून आणणार? आणि सल्फास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आतही येऊ देऊ नका. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. ते काम गोदामातल्या प्रशिक्षित माणसांचं आहे.

काठोकाठ भरा

आमच्या जवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, वर निमुळतं तोंड, आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. एकदा बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे, कारण आतली हवा बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही, आणि आतला प्राणवायू हळूहळू संपतो. किड्यालाही श्वास लागतोच. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली आणि हळद भिजली. सासूबाई अजून त्या वासाबद्दल बोलतात.

घरात हेच तत्त्व वापरायचं तर मोठा अर्धा रिकामा डबा सगळ्यात वाईट. वर जेवढी मोकळी जागा, तेवढी किड्यांना हवा. मी आता पाण्याच्या आणि सरबताच्या दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या स्वच्छ धुऊन, दोन दिवस उन्हात उलट्या ठेवून पूर्ण वाळवून त्यात डाळ-तांदूळ भरते. नरसाळ्याने ओतायचं, बाटली ओट्यावर हलकी आपटत राहायचं, दाणे खाली बसतात, मग पुन्हा ओतायचं. अगदी टोपणाला दाणा टेकेपर्यंत. टोपण घट्ट, वरून चिकटपट्टी. एखाद्या बाटलीत किडा निघालाच तर तेवढीच बाटली जाते, बाकीच्या शाबूत राहतात. दहा किलोंच्या एका डब्यात हे जमत नाही.

दुसरा फायदा पावसाळ्यातला. डबा दर वेळी उघडला की दमट हवा आत जाते. छोट्या बाटल्या एकेक उघडायच्या, म्हणजे बाकीच्यांना बाहेरची हवा लागतच नाही.

ओल आणि बुरशी: झाकणाच्या आतल्या बाजूला बघा

किड्यांवर उपाय झाला तरी २०२१ मध्ये माझ्या दोन डब्यांत बुरशी निघाली. त्या वर्षी मी अगदी मन लावून काम केलं होतं. मेच्या उन्हात गच्चीवर गहू आणि डाळी दोन दिवस वाळवल्या, संध्याकाळी वळवाचे ढग आले म्हणून पळत जाऊन गोळा केल्या आणि तशाच गरम गरम डब्यात ओतून झाकण दाबलं. रात्री डबा गार झाला. दुसऱ्या दिवशी सहज झाकण उघडलं असतं तर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले असते. गरम धान्यातली वाफ झाकणाला थडकून पाणी होते आणि तेच पाणी वरच्या थरावर पडतं. माझ्या डब्यांत बुरशी वरच्या चार बोटांतच होती, खाली धान्य ठणठणीत. त्यावरूनच कारण सापडलं.

तेव्हापासून नियम एकच: ऊन दिलेलं धान्य घरात आणून चादरीवर पसरायचं, हाताला गार लागेपर्यंत, शक्यतो रात्रभर, आणि सकाळी भरायचं. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि नुसती कणी होते. तांदूळ घरात पंख्याखाली पसरला तरी पुरे.

धान्य पुरेसं वाळलंय का हे ओळखायला दाताखाली दाणा फोडून बघतातच. कट्‌ आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओला. मला मिठाची चाचणी जास्त पटली. एक कोरडी काचेची बरणी घ्या, पाव भाग धान्य घाला, त्यावर दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन मिनिटं चांगली हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याचे गोळे झाले तर धान्यात ओल आहे, अजून एक दिवस वाळवा. मीठ मोकळं खाली बसलं तर भरायला हरकत नाही. मात्र हे पावसाळी दिवशी करू नका, मीठ आधीच ओलसर असतं आणि चाचणी फसवते.

शेंगदाण्यावर, मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर तो सगळा पुडा टाकून द्या. निवडून, भाजून, उकळून वापरू नका. त्या बुरशीत तयार होणारं विष शिजवूनही जात नाही आणि ते यकृताला घातक आहे. टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे. तरी टाका.

खवटपणा आणि गुळाचं पाणी

खवट होण्याचं कारण तेल, उजेड आणि उष्णता. आमचा डबा माळ्यावर असायचा, कारण पुरात उंच जागा हवी. पण माळा पत्र्याखाली आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे हात लावला तर डबा चटका देतो. भाजलेले शेंगदाणे, कूट, तळलेला चिवडा, शेव, तुपातले लाडू हे सगळं तिथे महिन्याभरात खवट होतं. आता डबा माळ्यावर जातो तो पाऊस चांगला लागल्यावर, जूनच्या मध्यानंतर. तोवर खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात असतो.

शेंगदाणे कच्चे ठेवा, भाजून ठेवू नका. कूट तर साठवायची गोष्टच नाही. तेलाची मोठी बरणी न ठेवता अर्ध्या लिटरची न उघडलेली पिशवी ठेवा.

गुळाचा गुण असा की तो हवेतलं पाणी ओढून घेतो. ढेप कापडात गुंडाळून ठेवली तर श्रावणात कापड ओलं होणारच. मी गूळ मेमध्ये किसून, पाव-पाव किलोच्या जाड प्लास्टिकच्या पुड्या करून, हवा दाबून काढून, मेणबत्तीच्या आचेवर तोंड बंद करते आणि त्या सगळ्या एका स्टीलच्या डब्यात वेगळ्या ठेवते. बिस्किटांजवळ गूळ कधीच नाही. हे २०१९ मध्ये शिकले.

धान्य चांगलं, तरी पोट उपाशी

ही अडचण किड्यांपेक्षा मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पूर आल्यावर सरकारकडून आणि संस्थांकडून गहू-तांदूळ मिळतात, लोक आपुलकीने पाठवतात. पण वीज नसेल तर गिरणी चालत नाही. गव्हाचं करायचं काय? आमच्या शेजारच्या काकूंकडे पन्नास किलो उत्तम शरबती गहू होता आणि चार दिवस त्यांनी चहा-बिस्किटांवर काढले. डाळ-तांदूळ शिजवायचे तर गॅस हवा, पाणी हवं, भांडी धुवायला आणखी पाणी हवं.

म्हणून डब्यात तेच ठेवायचं जे चुलीशिवाय खाता येतं. आम्ही पाच माणसं, चार दिवस, माणशी रोज अर्धा किलो कोरडा जिन्नस असा हिशेब धरला तर दहा किलो होतो. आमची वाटणी अशी आहे: पातळ पोहे २ किलो, चुरमुरे १ किलो, डाळं, फुटाणे आणि कच्चे शेंगदाणे मिळून २ किलो, गूळ १ किलो, राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की १ किलो, खजूर आणि बेदाणे १ किलो (तासगाव शेजारी असताना बेदाण्याची काय कमी), सातूचं पीठ १ किलो, आणि सोलापुरी कडक भाकरी १ किलो. शिवाय मेतकुटाची एक बरणी, मीठ, साखर, आमसुलं, लिंबाचं जुनं लोणचं.

पोहे पातळच का, ते सांगते. जाड पोहे भिजवायला, धुवायला पाणी लागतं. पातळ पोह्यांवर वाटीभर पाणी शिंपडलं, मीठ, मेतकूट आणि लोणच्याचा खार कालवला की दहा मिनिटांत जेवण. कांदा असेल तर चांगलंच. चुरमुऱ्यांना घरी तिखट-मीठ लावून भडंग करायचा मोह होतो, पण तेलात परतलेलं भडंग लवकर वास मारतं. कोरडेच ठेवा, वेळेला लोणच्याचं तेल घालून कालवा. सातूचं पीठ पाण्यात किंवा दुधाच्या पावडरीत गुळाबरोबर कालवलं की लहान मुलं आणि दात नसलेली म्हातारी माणसं दोघांनाही जमतं. सासूबाईंना कडक भाकरी चावत नाही, त्यांच्यासाठी मी ती कुस्करून आमसुलाच्या पाण्यात भिजवते.

घरात मधुमेहाचं कुणी असेल तर गूळ-खजुरावर त्यांचे दिवस निघणार नाहीत. त्यांचे फुटाणे, शेंगदाणे, भाकरी वेगळी मोजा. औषधं आठ-दहा दिवसांची डब्यातच असू देत, आणि इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते थंड कसं ठेवायचं हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

पाणी: माणशी रोज किमान ४ लिटर, पिण्यासाठी आणि थोड्या स्वयंपाकासाठी. पाच माणसं, चार दिवस म्हणजे ८० लिटर, वीस लिटरचे चार कॅन. नदीचं पाणी दारात असतं आणि घोटभर पिता येत नाही, यासारखी तगमग नाही. २०१९ मध्ये पहिल्या दिवशी आम्ही पाणी नेहमीसारखं वापरलं आणि तिसऱ्या दिवशी चमच्याने मोजायची वेळ आली. कॅन मी दर महिन्याला रिकामे करून तुळशीला, जास्वंदीला घालते आणि ताजं भरते. गढूळ पाणीच हाती आलं तर आधी चौपदरी सुती कापडाने गाळून, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर दिलेल्या मापाने, आणि अर्धा तास थांबून. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मी हे माप डब्याच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवलं आहे, कारण घाबरलेल्या माणसाला माप आठवत नाही. पुरेसं सावरलं नाही, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर घरी थांबू नका, मिळेल त्या बोटीने दवाखाना गाठा.

आणि डब्यात कात्री ठेवा. सगळं काही बांधून, चिकटवून ठेवलेलं असतं आणि अंधारात दातांनी पुड्या फोडाव्या लागतात.

पाणी घरात शिरून गेल्यावर

इथे मन घट्ट करावं लागतं. पुराचं पाणी लागलेलं कुठलंही धान्य, पीठ, मसाला, भाजी टाकून द्यायची. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं असतं. स्टीलच्या दाबाच्या झाकणाचा डबा बुडाला असेल तर आत पाणी गेलंच असं समजा, वरून कोरडा दिसला तरी. आटे असलेल्या झाकणाच्या बरण्या आणि मी वर सांगितलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा बुडाल्या तर टाका, आट्यांत घाण अडकते आणि उघडताना आत पडते. चालतो तो फक्त कारखान्यात सील झालेला पत्र्याचा डबा, तोही न गंजलेला, न चेपलेला, न फुगलेला. त्याचा कागद काढून, साबणाने घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, वर पेनने नाव लिहून ठेवा.

वीज गेल्यावर फ्रीज उघडझाप न करता ठेवला तर आतलं साधारण चार तास टिकतं. गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून आधी फ्रीजमधलं दूध, भाज्या, शिजवलेलं संपवा आणि डबा नंतर उघडा. आम्ही उलटं केलं होतं.

सिलिंडर पाण्यावर तरंगतो. इशारा पातळी आली (आयर्विनला ४० फूट, धोका पातळी ४५) की रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वर नेतो. बुडालेला रेग्युलेटर आणि नळी तपासल्याशिवाय पुन्हा लावू नये.

डबा विसरला जातो, हे खरं दुखणं

वरची सगळी कारणं बरोबर असली तरी पाच-सहा वर्षं मी ज्या गोष्टीला किड्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ती होती आमची विसरभोळी वागणूक. ‘पुरासाठी’ म्हणून वेगळा ठेवलेला डबा कुणाचाच नसतो. पूर आला नाही तर तो पुढच्या मेपर्यंत तिथेच. जुन्यावर नवं ओततो आणि जुन्यातले किडे नव्याला देतो.

पंचांगाला बांधल्यापासून हे थांबलं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, कुरडया-सांडग्यांच्या वाळवणाबरोबरच, डब्याची खरेदी आणि फ्रीजरची पाळी सुरू. पाऊस लागला की भरलेल्या बाटल्या वरच्या खोलीत, २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर पेन्सिलीने केली आहे तिच्यापेक्षा चार फूट वर. नागपंचमीला एक बाटली उघडून बघायची, वास घ्यायचा, चव घ्यायची. ते काम मोठ्या मुलाकडे आहे, तो वहीत तारीख टाकतो.

आणि नवरात्र संपलं, पाणी उतरलं की सगळा डबा खाली येतो. पातळ पोहे, डाळं, शेंगदाणे, चुरमुरे. या जिनसा निवडताना मी मुद्दाम बघितलं होतं की दिवाळीच्या चिवड्याला काय लागतं. मागच्या दिवाळीत सासूबाईंनी ते पोहे उन्हात टाकले, हातात घेऊन चुरले, कुरकुर ऐकली आणि म्हणाल्या, “अगं, हे तर कालच आणल्यासारखे आहेत.” मग त्यांनीच कढई चढवली.